दुकानातलं डुक्कर

माणसाच्या हातात पिशवी दिसली की माझी नजर आधी पिशवीवर जाते, मग माणसावर. ही खोड नोकरीतली. महाड-पोलादपूरच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर चालत्या एसटीत कंडक्टर म्हणून तिकिटं फाडण्यात माझा जन्म गेला. झोपेचं सोंग घेतलेला प्रवासी मी त्याच्या पापण्यांवरून ओळखत असे. मिसरूड फुटायला आलेल्या पोराला मांडीवर घेऊन ‘लहान हाय वो अजून’ म्हणणारी आई मला पायरीवरूनच कळायची. निवृत्त झालो तेव्हा हार घातला, नारळ दिला, बिल्ला परत घेतला, पण संशय काही जमा करून घेतला नाही. तो मी घरी घेऊन आलो.

त्यामुळे दूधवाला, खतवाला, निवडणुकीत हात जोडून येणारे, सगळ्यांकडे मी एकाच नजरेने बघतो. तळीयेची दरड कोसळली त्या पावसापासून तर आमच्या वाडीमागच्या डोंगरावरही माझा विश्वास राहिलेला नाही. पाऊस जरा जास्त झाला की काठी घेऊन वर जातो आणि कुठे भेगा पडल्यात का ते बघून येतो. बायको म्हणते, "डोंगर तुमाला घाबरूनच उभा हाय." तिला थट्टा सुचते. मला सुचत नाही.

तर दसरा झाल्यावर एका शनिवारी आमची मुलगी पुण्याहून आली, तेव्हा तिच्या खांद्यावरच्या बॅगेकडे मी बघितलंच नाही. तिच्या हातात थर्माकोलची पांढरी पेटी होती, चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलेली.

"ह्यात काय हाय गो?"

"मांस आहे, बाबा. बर्फात ठेवलंय."

"कसलं?"

ती हसली आणि चालायला लागली. प्रश्नाला हसून उत्तर देणारे मी पुष्कळ बघितलेत. वाडीच्या चढावर मी पेटी माझ्या हातात घेतली, ती मदत म्हणून नव्हे, वजन बघायला.

मुलीबद्दल आधी सांगितलं पाहिजे. तिने पुण्यात हॉटेलातल्या स्वयंपाकाचा कोर्स केला आणि मग जपानी पद्धतीचं जेवण मिळतं अशा एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात नोकरी धरली. तिथून तिला थेट जपानातल्या नागोयाला बोलावणं आलं, डुकराच्या मांसाचे कटलेट करणाऱ्या एका खानावळीत. त्या मालकाचा फोटो मी तिच्याकडून मागून घेतला होता. टक्कल, पांढरा सदरा, हात पाठीमागे. हात का दिसत नाहीत, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. पासपोर्टचा अर्ज तिने गावच्या पत्त्यावर केला होता आणि पोलीस पडताळणी तेवढी राहिली होती. ठाण्यातला माणूस येणार, आमच्या पोलीस पाटलाला विचारणार, मुलगी कशी, घर कसं, नावावर काही गुन्हा आहे का. ते झालं की पासपोर्ट, मग व्हिसा, मग नवीन वर्षात जपान. यात कुठे खोडा पडला तर मालक दुसरी माणसं बघणार होता, तसं त्याने स्वच्छ कळवलं होतं. पोरीचं सगळं त्या एका पडताळणीवर लटकलं होतं.

मला ती जायला नको होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मालकाचे हात का दिसत नाहीत, एवढंच विचारत राहिलो.

घरी आल्यावर तिने आईला पेटीतलं गुपित सांगितलं. बायको सुपात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"गावडुक्कर? माझ्या घरात?"

आता परक्या माणसाला यातली मेख कळणार नाही. आमच्याकडे रानडुकराचा मान वेगळा. शिकारीला बंदी नव्हती तेव्हा रान उठवून डुक्कर आणलं की वाडीचा सण व्हायचा. घरटी वाटा जायचा. जो शिकारीला गेला त्याला, जो गेला नाही त्याला, आंधळ्या-पांगळ्याला, विधवेच्या घराला, सगळ्यांना. वाटा चुकवला तर ते भांडण पुढच्या पिढीपर्यंत पुरायचं. कायद्याने शिकार बंद झाली ते बरंच झालं, पण जुन्या माणसांच्या बोलण्यातून ती ऐट गेलेली नाही. गावडुकराचं मात्र नुसतं नाव काढलं तरी बायका नाकाला पदर लावतात. दोन्ही डुकरंच. एक रानातले कंद उकरून खातं आणि दुसरं काय खातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या फरकावर आमच्या घराची इभ्रत उभी, आणि माझी बायको तर कापडे गावच्या मोठ्या शेतकऱ्याची लेक.

"आई, हे गटारावरचं नाही. गोठ्यात पाळलेलं असतं. मका खाऊन वाढलेलं."

"मका खाल्ला म्हणून त्याचा घोडा झाला काय?"

मी म्हटलं, कोंबडीचं कर, तेही कटलेटच. मुलगी म्हणाली, "बाबा, तिथे मी रोज हेच करणार आहे. तुम्ही दोघांनी एकदा बघा तरी मी काय करते ते. खायचं तर खा, नाहीतर राहू दे." मग बायकोच नरमली. अटी मात्र घातल्या. घरातली चूल नाही, घरातला गॅस नाही, वरवंट्याला हात लावायचा नाही. मागच्या पडवीपलीकडे तीन दगड मांडायचे, जुनी कढई घ्यायची, आणि ती कढई पुन्हा घरात येणार नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी चूल मांडली. मी पाट घेऊन समोर बसलो. राखणच म्हणा. पलीकडच्या खाचरांत भात पिकायला आलं होतं आणि बांधाबांधावर डुकरांना घाबरवायला जुन्या साड्या बांधल्या होत्या.

पेटीतून निघाले ते बोटभर जाडीचे काप, कडेला पांढऱ्या चरबीची किनार असलेले. तिने त्या किनारीला सुरीने बारीक चिरा दिल्या, नाहीतर तळताना काप आकसून वाकडा होतो म्हणाली. बाटलीच्या बुडाने हलके ठोकले. मीठ, मिरपूड. मग मैद्यात घोळवून, फेटलेल्या अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात. चुरा तिने पुण्यालाच पाव शिळे करून, किसून, वाळवून आणला होता, चांगला जाडसर. तो दाबायचा नाही, नुसता पांघरायचा. मी विचारलं, पावात अळ्या नव्हत्या ना. तिने पुढचा काप चुऱ्यात ठेवला.

मग तिने एक पुडी फोडली. आत काळपट तांबडा, मऊ गोळा. वास आला तो मुरलेल्या लोणच्याच्या बरणीच्या तळाचा, थोडा ओल्या लाकडाचा.

"हे काय?"

"मिसो. सोयाबीन मुरवून करतात. वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं मुरतं."

"नुसतं मीठ घालून?"

"मीठ आणि बुरशी."

मी पाटावरून उठलो. बुरशी आली तर आपण भाकरी कुत्र्याला टाकतो, आणि हे लोक मुद्दाम लावतात. ती म्हणाली, आंबोळीचं पीठसुद्धा आंबतंच ना बाबा. मी म्हटलं, आंबणं वेगळं आणि बुरशी वेगळी. बायको पडवीच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिची ना मला साथ होती ना मुलीला.

त्या गोळ्यात घालायला माशाच्या सुक्या किसाचं पाणी लागतं, ते काही आमच्याकडे नव्हतं. मुलगी विचारात पडली. बायको आत गेली आणि सुकटीचा डबा आणून पायरीवर ठेवला. सुकट उकळून, गाळून, त्या पाण्यात मिसो विरघळवला. साखरेच्या जागी गूळ पडला. भाजून कुटलेले तीळ पडले. रटरटून तो रस चिंचेच्या कोळाएवढा दाट झाला आणि वासाचा रागरंग बदलला. मी पुन्हा पाटावर बसलो.

तेलात काप सोडला की आधी मोठा गडबडीचा आवाज होतो. शिजत आला की आवाज बारीक होत जातो. "आवाजाकडे लक्ष द्यायचं," ती म्हणाली, आणि खरंच मान तिरकी करून ऐकत राहिली. काढलेला काप तिने जाळीवर उभा केला, तेल निथळायला, आणि लगेच कापला नाही. मी तिचे हात बघत होतो. लहानपणी ह्याच हातांनी तिने माझ्या तिकिटांच्या पेटीचं झाकण मोडलं होतं. आता त्या हातांत जरासुद्धा घाई नव्हती. हिला हे येतं, चांगलं येतं, हे मला कळलं, आणि कळलं ते मला आवडलं नाही. जिला इतकं येतं ती घरी कशाला थांबेल?

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकींचा आवाज आला. नात्याने माझी चुलती, वाडीतलं सर्वांत जुनं माणूस.

"काय गो शिजतंय? वास लांबवर येतोय."

मुलीने तोंड उघडलं होतं. ती बोलायच्या आत बायको बोलली. "रानातलं हाय, काकी. डुक्कर. कापड्याहून भावाने धाडलंय. काल सांजच्याला आलं."

मी बायकोकडे बघितलं. खोटं बोलणारा माणूस न विचारलेली माहिती देतो, हे मी नोकरीत शिकलोय. भाऊ कशाला, कापडे कशाला, सांजच्याला कशाला? पण काकींना सगळं पटलं. मुलगी खाली मान घालून कढईकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी जेवलो. खोटं कशाला बोलू, चांगलं लागलं. वरचं कवच दाताखाली कुरकुरलं, आत मांस मऊ, आणि त्या काळ्या रसाला आंबट, गोड, खारट असं काहीतरी खोल होतं, की पहिल्या घासाला शंका येते आणि दुसऱ्या घासाला हात पुढे जातो. बारीक चिरलेला कोबी आणि आमच्याच खाचराचा भात. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी "ठीक हाय" म्हटलं. बायकोने भात आणि सुकटीची चटणी खाल्ली. तिच्यासाठी मुलीने दोन काप पेटीत बर्फावर झाकून ठेवले आणि पेटी पडवीत सरकवली.

दुपारी काकींकडून स्टीलचा रिकामा डबा आला. मग वरच्या घरातून एक पातेली. मग खालच्या आळीतून एक मुलगी, तिच्या हातात झाकणाची वाटी. डबा पायरीवर ठेवायचे आणि ‘आईने दिलाय’ म्हणून जायचे. मला एकदम उमगलं. रानातलं म्हटलं की वाटा आला.

मी बायकोला म्हटलं, "आता काय करतेस? दे त्यातलंच थोडं थोडं."

"येडे झाल्याव काय? त्यांना फसवून गावडुक्कर चारू? काकींच्या तोंडात घालू?"

"मग खोटं कशाला बोललीस?"

"बोलले खोटं. पण खोटं कुणाला खाऊ घालणार नाय."

तिने सगळी भांडी धुतली, पुसली आणि रिकामी परत पाठवली. ‘थोडकंच होतं, संपलं,’ असा निरोप दिला. रिकामं भांडं आमच्याकडे कोणी परत पाठवत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिने साखर घातली होती, पण साखरेने कुणाची समजूत पटते?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका हिच्याशी बोलल्या नाहीत. दुकानात मी गेलो तर चाललेलं बोलणं थांबलं. माणसं बोलायची थांबली की काय बोलत होती ते मला बरोबर कळतं. अख्खं डुक्कर तीन तोंडांत कसं संपलं? संपलं नाही, विकलं. हायवेच्या हॉटेलांना विकलं. मुलगी हॉटेलातलीच ना. पुण्याहून पांढरी पेटी घेऊन आली होती, बघितली सगळ्यांनी. ती कशाला आणली होती रिकामी? मांस भरून न्यायला. खरं सांगतो, मी परका असतो तर मीसुद्धा हाच संशय घेतला असता. सगळं जागच्या जागी बसत होतं.

आणि त्याच दुपारी पोलीस पाटील आले, बरोबर वनखात्याचा गार्ड. गार्ड तरुण होता, बोलायला सभ्य. पायरीखालीच चपला काढून उभा राहिला.

"काका, तक्रार आहे. तुमच्याकडे रानडुकराचं मांस आलंय आणि विकलं गेलंय असं कळलंय. मला विचारावं लागेल."

अंगणात हळूहळू वाडी गोळा झाली. काकी आल्या, वरच्या घरचे आले. काकींचा मुलगा पुढे होता. पाटील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "दादा, उद्या-परवा ठाण्यातून तुमच्या पोरीच्या कागदासाठी माणूस येणार. गुन्हा दाखल झाला तर मी काय सांगू त्याला? घर चांगलं हाय, फक्त जंगलाची केस हाय?"

सांगायचं एवढंच होतं, की दुकानातलं डुक्कर आहे, पुण्यातून विकत आणलंय. तेवढं म्हटलं असतं तर गार्ड चहा पिऊन गेला असता. मी मुलीकडे बघितलं. तिच्या हातात फोन होता. दुकानाचा निरोप, पैसे दिल्याची खूण, सगळं त्यात असणार. पण ती फोन पुढे करत नव्हती. ती आईकडे बघत होती. तिने तोंड उघडलं असतं तर चार माणसांत आई खोटी ठरली असती आणि वर गावडुक्कर शिजवणारी ठरली असती. गार्डने पुन्हा विचारलं, "ताई, तुम्ही आणलं का?" ती गप्प. पेटीवरचं दुकानाचं लेबलसुद्धा तिने पायाने भिंतीकडे वळवलेलं मी बघितलं.

मग मी का बोललो नाही? माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगतो. गप्प बसलो तर केस होईल, केस झाली तर पासपोर्ट अडकेल, पासपोर्ट अडकला तर पोरगी घरी राहील. एवढं साधं गणित होतं आणि त्यात मला बोट हलवायची गरज नव्हती. आणि मग दुसरा संशय आला, पहिल्यापेक्षा वाईट. हे गणित बायकोने कालच मांडलं नसेल कशावरून? भाऊ, कापडे, सांजच्याला. इतकं ठरवून कोण खोटं बोलतं? तिलाही पोर जायला नको होती. मी तिच्या चेहऱ्याकडे प्रवाशाच्या चेहऱ्याकडे बघावं तसं बघितलं, आणि मला काही वाचता आलं नाही.

काकींचा मुलगा म्हणाला, "मीच कळवलं. लपवत नाय. शिकार केली ते माफ, पण वाटा का नाय दिला? माझ्या म्हातारीचं भांडं रिकामं परत धाडलं."

बायको पडवीतून अंगणात उतरली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला.

"वाटा नव्हताच," ती म्हणाली. "रानातलं नाय ते. गावडुक्कर हाय. पुण्याच्या दुकानातलं. पोरीने विकत आणलंन, माझ्या अंगणात शिजवलंन, ह्यांनी खाल्लंन. मला लाज वाटली म्हणून मी रानातलं बोलले. पोर खोटं नाय बोलली. मी बोलले."

मग काकींचा मुलगा म्हणाला, "आता केस नको म्हणून सांगताव, वयनी."

त्याला काकींनीच गप्प केलं. "खोटंच बोलायचं असतं तर चांगलं कायतरी बोलली असती," त्या म्हणाल्या. "गावडुक्कर कोण बाई अशी चार माणसांत कबूल करल? खरंच हाय ते." आणि त्यांनी नाकाला पदर लावला आणि अंगणातून निघून गेल्या. त्यांच्यामागून बाकीच्या बायका गेल्या.

मुलीने मग फोन गार्डला दाखवला. पेटीचं लेबल दाखवलं, उरलेले काप दाखवले. त्याने सगळ्याचे फोटो काढले, दुकानात फोन लावून खातरजमा केली आणि म्हणाला, "हे आधीच सांगितलं असतं तर काका, एवढी माणसं जमलीच नसती." मी म्हटलं, चहा घ्या. तो म्हणाला, नको. चहासुद्धा त्याच भांड्यातला असेल असं त्याला वाटलं की काय, हा संशय मला अजून आहे.

पाटलांनी शब्द पाळला. ठाण्यातल्या माणसाला त्यांनी सांगितलं, घर सरळ आहे. पासपोर्ट आला. पण वाडीने आपलं देणंघेणं आवरून घेतलं. वाळीत वगैरे कोणी टाकलं नाही, तसं आता कोणी उघड करत नाही. फक्त देवदिवाळीला देवीच्या भंडाऱ्याचा भात दरवर्षी माझी बायको रांधायची, तो यंदा ‘राहू दे वयनी, तुमाला त्रास कशाला’ असं सांगून दुसऱ्या घरी दिला. ती त्या दिवशी नवी साडी नेसून पडवीत बसली होती. ढोल वाजले तशी उठून आत गेली. मला फार राग आला. कोणाचा ते मात्र मला ठरवता येईना, वाडीचा, मक्याच्या डुकराचा की नागोयाच्या त्या टकल्याचा.

नवीन वर्षात मुलगी गेली. पोलादपूरच्या स्टँडवर आम्ही तिला मुंबईच्या गाडीत बसवलं. बायकोने तिला सुकटीची पुडी दिली, तिकडे रसात घालायला. विमानात नेऊ देतील की नाही, याची मला शंका होती, पण मी बोललो नाही. गाडी वळणाआड गेली आणि आम्ही वाडीकडे निघालो. चढावर बायको दम घ्यायला थांबली, तेव्हा मी इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं.

"खरं सांग. रानातलं बोललीस ते मुद्दाम ना? पोरीचा कागद अडकावा म्हणून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करेल. केलं नाही.

"मुद्दाम नाय. तवा माझ्या ध्यानात बी नव्हतं. लाजेपायी बोलले." मग म्हणाली, "पण गार्ड दारात दिसला ना, तवा मला पयलं काय वाटलं सांगू? बरं झालं. आता नाय जायची."

मला तरी दुसरं काय वाटलं होतं?

"मंग बोललीस कशाला?"

"ती माझ्याकडं बघत व्हती," बायको म्हणाली. "तिला ठावं व्हतं मी खोटं बोलले. हातात फोन व्हता. तरी गप राहिली, माझं नाक कापू नये म्हणून. मी गप राहिले असते तर ती जलमभर हितंच राहिली असती, आणि मला एक शब्द बोलली नसती. रोज माझ्या हातचं जेवली असती." तिने पदराने डोळे पुसले. "रोज तिच्या ताटात वाढताना मी कुटं बघायचं?"

आणि ती माझ्या पुढे चढ चढायला लागली.